घर बोरिवलीत, नोकरी वापीत. कर कोणत्या राज्याला?

मुंबई : कोणी बोरिवलीहून रोज गुजरातमधील वापीला कामाला जातो, तर कोणाची अंधेरीहून बेंगळुरूला बदली होते. घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असेल, तर कर कुठे भरायचा?

प्राप्तिकर बदलतो का?

नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर घेतात. भारतात मात्र पगारावरील प्राप्तिकर फक्त केंद्र सरकार आकारते. त्यामुळे राज्य बदलले तरी दर तेच राहतात आणि विवरणपत्रही एकच भरावे लागते.

मग राज्याचा कर कोणता?

पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका राज्याला एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये घेता येतात. हा कर घराच्या पत्त्यावर नव्हे, तर नोकरीच्या ठिकाणावर ठरतो.

फरक किती पडतो?

महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या पुरुषांचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे. गुजरातमध्ये १२ हजारांच्या वर सर्वांनाच दरमहा २०० रुपये लागतात. म्हणजे २० हजार पगार असलेल्या बोरिवलीच्या महिलेला अंधेरीत नोकरी केल्यास काहीच द्यावे लागत नाही. वापीत केल्यास वर्षाला २,४०० रुपये जातात. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात हा करच नाही.

हा पैसा जातो कुठे?

महाराष्ट्रात हा कर १९७५च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारण्याकरिता. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावाकडच्या मजुराच्या हाताला काम, अशी ती कल्पना होती.

काय तपासावे?

बदली झाल्यावर पहिल्याच महिन्याची सॅलरी स्लिप नीट पाहावी. व्यवसाय कर जुन्याच राज्याच्या दराने कापला जात असेल किंवा एकाच महिन्यात दोनदा कापला गेला असेल, तर एचआर विभागाला ईमेलने विचारावे. मुलुंड किंवा घाटकोपरच्या घरून परराज्यातील कंपनीचे काम करणाऱ्यांनी कपात कोणत्या राज्याच्या नावे होते, हे आधीच विचारून घ्यावे. या कराची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. रक्कम लहान असली तरी २० हजार पगारात वर्षाचे २,४०० रुपये म्हणजे जवळपास चार दिवसांची कमाई.