वरच्या वर्गाचा मोह

कणकवलीहून रेल्वेनें मुंबईस निघालेल्या उतारूनें पूर्ण भाड्याचें तिकीट काढतांना संमति दिली असेल, तर वरच्या वर्गांत रिकामी राहिलेली शायिका त्यास जादा पैशांवांचून मिळूं शकते. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत तोच मान बहुधा प्रवासागणिक खात्यांत साठविलेल्या गुणांनीं मिळवावा लागतो. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्यें असल्यामुळें तिचे गुण लुफ्तान्सा, युनायटेड यांच्या प्रवासासही वापरतां येतात. परंतु अतिस्वस्त तिकिटास ही बढती सहसा नसते, आणि वर जागा नसेल तर गुण तसेच पडून राहतात. म्हणून अमेरिकेंतील मुलाकडे निघालेल्या वृद्ध मातापितरांचें तिकीट काढतांना विमान कितीदां बदलावें लागतें हें आधीं पाहावें, आणि चाकांची खुर्ची आगाऊ मागून ठेवावी. गुण मुदतींत असल्यास पुढील खेपेसही कामास येतील. आईचे गुडघे याच खेपेस जपावयाचे आहेत.