स्वभावाच्या माथी रोगाचे खापर

आनंदी वृत्तीच्या माणसाला रोग शिवत नाही आणि कुढ्या माणसाची पाठ तो सोडत नाही, हे मत सुशिक्षितांतही रूढ असून त्याला आता जनुकशास्त्राचा हवाला दिला जातो. हवाला खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ निरोगी प्रौढांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा बहिर्मुख, म्हणजे माणसांत रमणाऱ्या व्यक्तींमध्ये दाहाची, म्हणजे जंतूंना होणाऱ्या पहिल्या प्रतिकाराची, जनुके अधिक कार्यरत आढळली आणि कर्तव्यदक्ष व्यक्तींमध्ये कमी. ज्या चिंतातुरपणाला रोगाचे मूळ मानतात, त्याचा असा संबंध दिसलाच नाही. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या १९९१ च्या प्रयोगात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात श्वसनविकारांचे विषाणू सोडले असता, ज्यांच्या जगण्यात ताण अधिक त्यांना संसर्गही अधिक झाला, आणि बहिर्मुखता, आत्मसन्मान हे गुण हिशेबात धरूनही हा संबंध बदलला नाही. प्रसन्न वृत्तीच्या लोकांना सर्दी कमी होते, असे त्यांनाच २००३ साली आढळले, हे मान्य केले पाहिजे. परंतु खिन्न वृत्तीच्यांना ती अधिक झाली नव्हती, त्यांनी तक्रारी तेवढ्या अधिक सांगितल्या होत्या.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेने तर या मताकडे अधिकच सावधपणे पाहिले पाहिजे. कर्करोगाला धूम्रपानापेक्षा विशिष्ट स्वभाव अधिक कारणीभूत असतो, असे प्रतिपादन लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी केले. त्यांच्या संशोधनामागे तंबाखू उद्योगाचा पैसा होता हे पुढे उघड झाले, आणि २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने त्यांचे सहकाऱ्यासह लिहिलेले २६ शोधनिबंध अविश्वसनीय ठरवले. रोग स्वभावातून येतो असे एकदा ठरले, की माल विकणारा आणि मजुरी ठरवणारा दोघेही सुटतात.

मांडीवर सूप घेऊन, तेंदूचे पान कात्रीने कापून त्यात तंबाखू भरणाऱ्या, दोऱ्याने बिडी बांधणाऱ्या स्त्रीच्या आणि वखारीत तंबाखू चाळणाऱ्या मजुराच्या छातीत जाणारा खकाणा कोणाचा स्वभाव विचारत नाही. त्यात मजुरी दर हजार बिड्यांवर मोजली जाते आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या बिड्यांचे कष्ट वाया जातात. असा ताण वर्षानुवर्षे टिकला, म्हणजे दाहाला आवर घालणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला पेशी पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात. रोगप्रतिकारशक्तीवर मनाचा परिणाम होण्याची ही एक वाट आहे, आणि ती माणसाच्या परिस्थितीतून जाते. म्हणून खोकला घेऊन आलेल्या बिडी कामगार स्त्रीला बेळगाव-निपाणीच्या डॉक्टरांनी “चिंता करू नका” असे सांगण्याआधी, ती बिड्या वळते त्या खोलीला खिडकी आहे का आणि तंबाखू कोठे साठवला जातो, हे विचारावे.