करून तर पाहा! : पंखाला अंगरखा

मित्रांनो, रिमोटवरच्या विमानाचा पंख तयार झाला. बाल्साच्या फासळ्या रांगेत उभ्या राहिल्या, पुढची कड चिकटली, मागची कड चिकटली. सांगाडा इतका देखणा दिसतो, की झाकूच नये असं वाटतं. पण झाकायला तर हवंच! नुसत्या सांगाड्यातून हवा आरपार निघून जाते. मग पंखाला उचलणार कोण?

आवरणाचं आणखी एक काम आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चार काड्यांची एक चौकट करा आणि कोपरा दाबून पाहा. ती लगेच तिरकी होते. आता तिच्यावर कागद ताणून चिकटवा आणि वाळू द्या. पुन्हा दाबा. आता ती सहजी हलणार नाही! पंखाचंही असंच आहे. हा अंगरखा पंखाला झाकतो आणि पिळू न देता धरूनही ठेवतो. म्हणून तो ढगळ चालत नाही, आणि एका बाजूने जास्त ओढलेलाही चालत नाही.

राइट बंधूंना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंद उडालेल्या त्यांच्या विमानाच्या पंखांवर साधं मलमलीसारखं सुती कापड होतं. ते त्यांनी तिरपं, म्हणजे धागे ४५ अंशांत येतील असं लावलं होतं. का बरं? तुमची चौकट तिरकी होताना एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो, हे आठवा म्हणजे उत्तर सापडेल.

पुढे विमानाच्या कापडावर ‘डोप’ नावाचा लेप देऊ लागले. तो वाळताना आकसतो, कापड ढोलकीसारखं ताठ होतं आणि त्याची भोकंही बुजतात. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, आपल्या देशात बनलेलं ‘पुष्पक’ हे फ्लाइंग क्लबचं विमानही कापडी आवरणाचंच होतं. आणि गंमत ऐका! जुन्या डोपमधला मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज. तो कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवतात. म्हणजे कापड कापसाचं आणि वरचा लेपही कापसाचाच. गेवराई-माजलगावच्या रानात फुटणाऱ्या बोंडाचा विमानाशी असा जुना संबंध आहे. मात्र हा लेप भडकन पेट घेतो. तेव्हा डोप असो की थिनर, काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर आणि घरातलं मोठं माणूस सोबत असतानाच करायचं.

आता मुख्य प्रश्न : तुम्ही काय लावायचं? बीड जिल्ह्यातल्या दोस्तांनो, गावात मॉडेलचं दुकान नसेल म्हणून हातपाय गाळू नका.

पतंगाचा कागद : सगळ्यात हलका. संक्रांतीला घेऊन ठेवा. लहान, हलक्या पंखासाठी उत्तम. कागद ज्या दिशेने सरळ फाटतो, ती दिशा पंखाच्या लांबीला ठेवा. पातळ केलेल्या फेव्हिकॉलने कडेकडेने चिकटवा. वाळला की दोन्ही बाजूंवर पाण्याचा बारीक फवारा मारा. वाळताना कागद आखडून ताठ होतो. सगळेच कागद सारखे आखडत नाहीत, म्हणून आधी त्या चौकटीवर प्रयोग करा. आणि पूर्ण वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी पक्का धरून ठेवा, नाहीतर पापडासारखा वाकडा होईल!

पॅकिंगची चिकटपट्टी : थर्माकोलच्या पंखासाठी. पट्ट्या मागच्या कडेपासून सुरू करून पुढे लावत या. घरावर पत्रे टाकताना खालून सुरुवात करतात ना, तसंच. म्हणजे जोडाची कड वाऱ्याच्या तोंडी येत नाही. पट्टी ओढून लावू नका, नुसती अंथरा. लक्षात ठेवा, डोप, थिनर आणि रबरासारखे काही डिंक थर्माकोल खाऊन टाकतात. कोणताही डिंक आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा.

इस्त्रीची फिल्म : ही पॉलिएस्टरची फिल्म शहरातून मागवावी लागते. तिच्या पाठीला डिंक असतो. साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसला तो चिकटतो आणि १५० च्या आसपास फिल्म आकसते. कारखान्यात ती ताणून बनवलेली असते. उष्णता मिळाली, की तिला आपला जुना आकार आठवतो! बाल्साच्या मोठ्या पंखाला ही छान. थर्माकोलवर मात्र इतकी गरम इस्त्री टेकवली, तर पंखाचं भजं होईल.

फिल्म लावायची रीत अशी. सांगाडा बारीक पॉलिशपेपरने घासा आणि धूळ पुसा. इस्त्रीला जुना सुती मोजा चढवा. आधी पंखाची खालची बाजू, मग वरची. प्रथम बुंध्याला मध्यभागी एक टेक, मग टोकाला, मग पुढच्या आणि मागच्या कडेला. मधून बाहेर सरकत सगळ्या कडा पक्क्या करा, आणि त्यानंतरच मधला भाग आकसवा. तोही एका दमात नाही. थोडं वर, थोडं खाली. एकच बाजू कडक ताणली, तर पंख तिकडेच वाकणार.

झालं? आता खरी परीक्षा. पंखाच्या मागे उभे राहा, एक डोळा मिटा आणि मागची कड नजरेच्या रेषेत धरा. एक टोक वर आणि दुसरं खाली दिसतंय? मग असं विमान उडवू नका. ते एका अंगाला कलंडत थेट ज्वारीच्या रानात जाईल आणि आपण उगाच रिमोटला दोष देऊ. एकाने पंख उलट्या दिशेने हलका पिळून धरायचा, दुसऱ्याने इस्त्री फिरवायची आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. पीळ निघतो!

आपल्याकडच्या उन्हाळ्याचीही आठवण ठेवा. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाची फिल्म इतकी तापते, की ढिली पडून सुरकुतते. विमान सावलीत ठेवा. आणि पावसाळ्यात डोप लावणं टाळा. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.

या आठवड्याचं गणित : तुमच्या आवरणाचे १० सेंमी बाय १० सेंमीचे १० तुकडे कापा आणि ओळखीच्या सराफाकडे वजन करून आणा. हे झालं ०.१ चौरस मीटर. १ मीटर लांब आणि २० सेंमी रुंद पंखाला वरखाली मिळून ०.४ चौरस मीटर लागतं, म्हणून चारने गुणा. असं तिन्ही आवरणांचं करा आणि वहीत मांडा. कोणतं सुंदर दिसतं ते नंतर. आधी वजन पाहा. शेपटीवर तर निम्म्यानेच काम भागवा, कारण तिथला प्रत्येक ग्रॅम तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम भरावे लागतात.

आणि हो, रिमोटवरची विमानंही २०२१ च्या ड्रोन नियमांत येतात. तेव्हा उडवायला जाताना नियम माहीत असलेलं मोठं माणूस सोबत घ्या. मैदान मोकळं, विजेच्या तारा दूर आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात!

चला तर, इस्त्री तापवा. पण आधी तुकड्यावर!