विकासाची तेरीज जुळत नाही

मी बँकेत कारकून आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. ओळख पटावी म्हणून सांगतो, एवढेच. बी. कॉम. होऊन वीसेक वर्षे झाली. तिथे शिकलेले बहुतेक सगळे विसरलो, पण एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'प्रत्येक जमेला एक नावे असते.' आमचे अकौंटन्सीचे सर हे वाक्य खडू फळ्यावर आपटून सांगत आणि खडूचा तुकडा नेमका माझ्या डोक्यावर येऊन पडत असे. म्हणूनही ते लक्षात राहिले असेल. एका बाजूला काही आले, तर दुसऱ्या कुठल्या तरी बाजूने ते गेलेच पाहिजे. जो माणूस वहीत नुसती जमेचीच बाजू लिहितो, तो एक तर भोळा असतो, नाहीतर लबाड. तेरीज मात्र दोघांचीही जुळत नाही.

हे आठवायला कारण आमचे कोल्हापूर. ह्या शहराचा सध्या विकास चालू आहे. 'सध्या' म्हणजे मला कळू लागल्यापासून. विकास ओळखायचा कसा, असे परगावचे पाहुणे विचारतात. सोपे आहे. जिथे काल रस्ता होता आणि आज खड्डा आहे तिथे विकास सुरू झाला, आणि जिथे काल खड्डा होता आणि आज मातीचा ढीग आहे तिथे तो पूर्ण झाला, असे समजावे.

आमच्या शाखेसमोरचा रस्ता घ्या. तो पावसाळ्याच्या आधी झाला. गुळगुळीत, काळाभोर. आम्ही चहाच्या सुट्टीत खास बाहेर जाऊन त्याच्याकडे बघत होतो. आठवड्याने ड्रेनेजवाले आले आणि त्यांनी तो मधोमध चिरला. मग पाण्याच्या पाइपवाल्यांनी कडेने चिरला. मग कुठलीशी केबल टाकणारे आले. त्यांना चिरायला जागाच शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी फूटपाथ घेतला. आता ह्याची नोंद कशी होते पाहा. रस्ता केला, विकास. रस्ता खणला, विकास. रस्ता बुजवला, तोही विकास. एकच बैल एकाच बाजारात तीनदा विकायचा आणि तिन्ही पावत्या जमेला धरायच्या! आमच्याकडे पेन्शन घ्यायला येणाऱ्या एक आजी त्या खड्ड्यात पाय मुरगळून काउंटरपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या बँकेत यायचं म्हंजे ठेव मोडाय लागंल मला, हाडवैद्याला द्यायला!" त्या पायाची नोंद कुणाच्याही वहीत नाही.

पण खड्ड्याचे दुःख मी मनावर घेत नाही. खड्डा निदान दिसतो. माझे भांडण न दिसणाऱ्या नोंदींशी आहे.

कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा अशी नावे म्हातारी माणसे अजून घेतात. आज कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे आणि रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम. मी काही साधुसंत नव्हे. कपिलतीर्थात मी पिशवी घेऊन भाजीला जातो आणि स्टेडियममध्ये पेठेची मॅच असली की घसा बसेपर्यंत ओरडतोही. तळी बुजवून मिळालेली जमा मी वर्षानुवर्षे खाल्ली आहे. पण नावेची बाजू मला पावसाळ्यात दिसते. जरा जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचे तळे होते. लोक म्हणतात, पाणी तुंबले. मला ते पटत नाही. पाणी तुंबले नाही, ते आपल्या घरी आले. माणसे सातबारा बदलतात. पाण्याला तो बदल कुणी कळवलेला नसतो.

रंकाळा तेवढा वाचला. आमच्या कोल्हापुरी भक्तीमुळे वाचला असे आपण म्हणतो. मला वाटते, तो बुजवायला फार मोठा पडला असावा.

आता पंचगंगेकडे येऊ. नदीला महापूर येतो तेव्हा अख्खे कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरची पातळी क्रिकेटच्या धावसंख्येसारखी विचारत असते. एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हमरस्ता पाण्याखाली जाऊन पुण्या-बंगळूरची वाहतूक बंद पडली. त्याआधी २००५चा पूर होताच. सरकारी नकाशावर नदीकाठाने दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधायचे नाही, निळी-लालच्या मध्ये अटी पाळून बांधायचे. मी हिशेब घातला. सोळा वर्षांत तीन महापूर, आणि प्रत्येक वेळी आम्ही तेच म्हणालो, 'असा पूर कधी पाहिला नव्हता!' अशा वेगाने परतफेड करणारा खातेदार मला बँकेत अजून भेटलेला नाही.

पूर आला की आम्ही आधी राधानगरीच्या दरवाजांना बोलतो, मग अलमट्टीला. त्यात काही चूक नाही. धरणांचा हिशेब धरणवाल्यांनी द्यावाच. पण स्वतःच्या अंगणात टाकलेल्या मुरमाबद्दल कुणी बोलत नाही. दोनशे किलोमीटरवरच्या भिंतीने पाणी तुंबते हे आम्हाला कळते, दोनशे फुटांवरच्या भरावाने तुंबते हे मात्र कळत नाही.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला बरी वाटत नाही. २०१६ साली मी जयंती नाल्यापासून थोडे आत, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. विकणाऱ्याने खिडकी उघडून सांगितले, "साहेब, पावसाळ्यात हितनं पाणी बघा, डोळं निवत्यात." तीन वर्षांनी डोळे पूर्ण निवले. नदी बघायला आम्हाला खिडकीत जावे लागले नाही; नदीच जिन्याने आम्हाला बघायला आली. नाल्यातून पाणी नदीकडे जायचे सोडून नदीचेच पाणी नाल्यातून शहरात आले आणि तळमजल्याच्या छताला हात लावून थांबले.

तळमजल्यावर एक काका राहतात. निवृत्त, एकटे. त्यांचे सगळे गेले. फ्रीज, गाद्या, धान्य. त्याचे त्यांना काही वाटले नाही. पाणी उतरल्यावर त्यांनी काकूंचा फोटोंचा अल्बम आमच्या गच्चीत वाळत घातला. एकेक फोटो चिमट्याने दोरीवर, धुण्यासारखा. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. ऊन कडक पडले, फोटो छान वाळले, पण त्यांच्यावर काही उरले नव्हते. पांढरे कागद नुसते. आमच्या हिने चहा नेला तर काका म्हणाले, "वहिनी, राहू दे. कोणता कुठला ते मला पाठ आहे."

२०२१ला पुन्हा तेच झाले. त्या वेळी वाळत घालायला काही नव्हते.

आणि मग आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत डंपर येऊ लागले. मुरूम, माती, पाडलेल्या वाड्यांचे दगड. बघता बघता जागा पुरुषभर उंच झाली. नवी इमारत होणार होती, आणि तिचा तळमजला आमच्या पहिल्या मजल्याशी बोलण्याइतका उंच असणार होता. मी त्या बांधणाऱ्याला भीतभीतच विचारले. माणूस दिलदार. मला चहा पाजला.

"साहेब, शहर वाढायला नको काय? का हितं म्हशीच बांधायच्या?"

"म्हशींना पाणी आलं की सोडून नेता येतं हो," मी म्हटले.

"म्हणून तर उंच करालोय! आमच्या गिऱ्हाइकाला थेंब लागणार न्हाई."

"पण मग ह्या जागेत मावणारं पाणी जाणार कुठं?"

त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिले. लहान मुलाने 'चंद्र खाली का पडत नाही' असे विचारल्यावर आपण पाहतो तसे. उत्तर मला माहीत होते. पाणी उधारीवर राहत नाही. ते एका जागेतून काढले की दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडते. ते काकांच्या नावे पडणार होते.

त्याहून वाईट पुढेच आहे. त्या नव्या इमारतीतल्या एका फ्लॅटच्या कर्जाची फाइल माझ्याच टेबलावर आली. मी ती तपासली. परवानगी होती, नकाशा होता, सर्च रिपोर्ट होता, पगाराच्या स्लिपा होत्या. माझ्यासमोरच्या यादीत वीस-एक रकाने होते आणि सगळ्यांसमोर बरोबरची खूण करता आली. 'मागच्या पुरात इथे किती फूट पाणी होते?' असा रकाना त्यात नव्हता. मी सही करून फाइल पुढे पाठवली. तेव्हा वाचकहो, मी हा लेख गच्चीवर उभा राहून लिहीत नाही. माझेही पाय त्याच मुरमात आहेत.

अशी बडबड करणाऱ्या माणसाला 'विकासविरोधी' म्हणायची पद्धत आहे. मला कबूल नाही. मला विकास हवा आहे. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन मला हवी होती. तिचे काम २०१४च्या सुमारास सुरू झाले आणि पाणी २०२३च्या दिवाळीत आले. 'थेट' ह्या शब्दाचा अर्थ मी त्या नऊ वर्षांत शिकलो, तरी पाणी आले त्या दिवशी मी पेढे वाटले. पंचगंगेवरचा नवा शिवाजी पूल मला हवा होता. जवळच ब्रह्मपुरीची संरक्षित टेकडी, म्हणून पुरातत्त्वाच्या नियमात तो वर्षानुवर्षे अर्धवट लोंबकळत राहिला. २०१८च्या जानेवारीत जुन्या, अरुंद पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि तेरा माणसे गेली. नवा पूल सुरू झाला तो त्यानंतर, २०१९ साली. म्हणजे नदीवरून माणसे सुखरूप नेणारा पूल कायद्यात अडकतो आणि नदीच्या वाटेत उभा राहणारा भराव एका रविवारात पुरा होतो. ह्यात विकासाचा विरोधक कोण, हे तुम्हीच ठरवा.

आणि कोल्हापूरकरांना भांडता येत नाही, असे तर कुणी म्हणूच नये. शहरातले पन्नासेक किलोमीटरचे रस्ते टोलच्या बोलीवर केले, तेव्हा घरातून मंडईत जायला टोल द्यायचा का, म्हणून हे गाव पाच-सहा वर्षे रस्त्यावर उतरले. बायका उतरल्या, म्हातारे उतरले. शेवटी २०१५च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. मोठी गोष्ट होती ती. पण टोलनाका दिसत होता. दांडा आडवा येत होता, पावती हातात पडत होती, म्हणून राग आला. पुराचा टोल असा नाका लावून कुणी घेत नाही. मागच्या जागेत भराव पडतो आणि पुढच्या घरातली गादी, गहू, अल्बम गुपचूप वसूल होतो. पावती नाही, म्हणून मोर्चा नाही.

माझी मागणी कारकुनी आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत मंदिर किती मिनिटांवर आणि शाळा किती मिनिटांवर हे छापतात. तिथेच २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी किती फूट होते तेही छापा. भराव घालणाऱ्याने तेवढे पाणी दुसरीकडे कुठे मावेल ते नकाशावर दाखवावे, आणि दाखवता येत नसेल तर डंपर परत न्यावा. कर्जाच्या यादीत एक रकाना वाढवा. माझ्यासारख्याला सही करताना हात थांबवायला निदान एक निमित्त मिळेल. ह्याला एक पैशाचा निधी लागत नाही. दुसरी बाजू लिहायची सवय तेवढी लागते.

सुरुवात घरापासून करावी म्हणून गेल्या मे महिन्यात मी आमच्या पार्किंगच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने दोन रेघा ओढल्या आणि शेजारी साल लिहिले, २०१९ आणि २०२१. लगेच सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. एरवी कोरमला माणसे मिळत नाहीत, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. रेघांमुळे फ्लॅटचे भाव पडतील, असे सर्वांचे मत पडले. ठराव झाला. विरोधात दोन मते, माझे आणि काकांचे. आमची ही माझ्या विरोधात गेली, कारण फ्लॅट तिच्याही नावावर आहे. दुसऱ्या दिवशी रंगारी येऊन भिंत पांढरी करून गेला. त्याचे बाराशे रुपये माझ्याच खात्यातून वळते झाले.

जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी स्कूटर काढायला खाली गेलो तर भिंतीला ओल धरलेली आणि पांढऱ्याखालून दोन्ही तांबड्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. काका खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसले होते.

"काय हो," ते म्हणाले, "तुमच्या बँकेत खोडलेली नोंद अशी परत येते काय?"

"येते," मी म्हटले. "व्याजासकट."