आधी नाट्य, मग प्रश्नोत्तरे

अक्षरे ओळखणे म्हणजे वाचणे नव्हे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या तिसरीतील अवघ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. त्यांना तो समजला काय, हा प्रश्न उरतोच.

यावरील एक उपाय जुना आहे आणि बिनखर्चाचा आहे. भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’मध्ये गोष्टीला आणि नाट्याला वर्गात मानाचे स्थान दिले. काऊ-चिऊचीच गोष्ट घ्या. पावसात भिजणाऱ्या कावळ्याला चिमणी दाराशी थांबवते. ती खरोखर कामात आहे, की टाळते आहे? चिऊ झालेल्या मुलीला हे ठरवावेच लागते आणि त्यासाठी ती पुन्हा गोष्टीकडे वळते. आकलन म्हणतात ते हेच. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत उत्तर सुचणार नाही कदाचित. पण तो कुडकुडून दाखवील.

स्नेहसंमेलनातील पाठांतराला मात्र हे नाव देऊ नये. तेथे निवडक मुले बोलतात, उरलेली टाळ्या वाजवतात. सुखवस्तू घरात गोष्ट उलगडून सांगायला कोणी तरी असते. दिवसभर राबून परतणाऱ्या आईबापांच्या मुलाची भिस्त शाळेवरच. तिनेही केवळ प्रश्नोत्तरेच उतरवून दिली, तर त्याने पुस्तकाशी नाते जोडावे कोठे?