वांगावरची ट्यूब आधी उलटून वाचा

घरात वांगावर किंवा काळ्या डागांवर लावायची क्रीम असेल, तर आधी उठा आणि ती घेऊन या. चष्मा लागत असेल तर तोही आणा, कारण मागच्या बाजूची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं वाचायची आहेत. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला हाक मारा. त्या अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी एक जरी नाव सापडलं, तर तुम्ही रोज चेहऱ्याला स्टेरॉइड चोळताय. लेबलवर उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायलाच मनाई आहे. तुम्हाला ते कुणी दिलं, हेही जरा आठवून बघा.

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि हे आवाहन आत्ता करते आहे, कारण लग्नसराई तोंडावर आली आहे. दरवर्षी याच सुमाराला मेडिकलमधून, पार्लरमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून या ट्यूबा हातोहात खपतात. मग पुढच्या उन्हाळ्यात त्या मुली आणि बायका लालबुंद, सोलवटलेला चेहरा घेऊन आमच्याकडे येतात.

वांग स्वतः जीव घेत नाही. तो खाजत नाही, दुखत नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि त्याचा कॅन्सरही होत नाही. गाल, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग येतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखेच. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि अनुवंशिकता यांमुळे गरजेपेक्षा जास्त काम करू लागतात, एवढाच हा मामला. पुरुषांनाही वांग येतो, पण ते सांगायला लाजतात आणि गुपचूप बायकोचीच ट्यूब वापरतात.

आता त्या ट्यूबेतल्या तिकडीबद्दल. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं मिश्रण वांगावर चालतं, हे अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या दोन त्वचातज्ज्ञांनी १९७५ साली मांडलं. औषध खोटं नाही, मी स्वतः ते लिहून देते. पण ते फक्त डागावर, फक्त रात्री, मोजके आठवडे लावायचं आणि मध्ये तपासणीला यायचं, अशी त्याची शिस्त आहे. अमेरिकेत २००२ साली अशा क्रीमला परवानगी मिळाली तीसुद्धा आठ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी, आणि त्यातलं स्टेरॉइड सौम्य होतं. आपल्याकडच्या अनेक ट्यूबांत त्या जागी मोमेटासोन असतं. ते त्याहून जोरकस आहे आणि आपण ते पावडरीसारखं सगळ्या तोंडाला फासतो, तेही वर्षानुवर्षं.

फसगत होते ती पहिल्या पंधरवड्यात. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबतं, रंग उतरवतं. चेहरा उजळतो, शेजारणी विचारू लागतात आणि ट्यूबेचं नाव गल्लीभर होतं. काही महिन्यांनी क्रीम एक दिवस चुकली तरी चेहरा पेटल्यासारखा होतो. पुन्हा लावली की शांत. बाईला वाटतं, क्रीम गुणकारी आहे, थांबवली म्हणून त्रास झाला. हे खरं तर व्यसन आहे आणि ते त्वचेला लागलेलं असतं.

अलीकडेच एक ताई आल्या होत्या. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली ट्यूब काढली, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून टोकापासून गुंडाळत आणलेली. गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा उमटल्या होत्या, हनुवटीवर पुटकुळ्या आणि कानशिलापासून गालापर्यंत दाट लव. चुलीपुढे बसवत नाही, म्हणाल्या, भाकरी थापताना तोंड भाजतं. आणि ज्यासाठी हे सगळं केलं तो वांग? तो होता तिथेच, पहिल्यापेक्षा गडद.

२०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. कागदावर नियम चोख आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

याहून वाईट माल आहे तो बिनलेबलच्या डब्यांचा. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, घटकद्रव्यं नाहीत आणि ‘सात दिवसांत गोरेपणा’ एवढंच ठळक. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून उजळपणा खराच दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातल्या एका मुलीची, तिच्या आईची आणि बहिणीची बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. ओळखीच्या ब्यूटिशियनकडून आणलेली क्रीम तिघींनी वापरली आणि तिघींच्याही किडन्यांना इजा झाली. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही मूत्रपिंडतज्ज्ञांना त्याच सुमाराला असेच रुग्ण एकामागून एक दिसले. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला जागाच नाही. चुकून राहिलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्यापुढे नाही. म्हणून, अशी डबी वापरत असाल आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर लग्न उरकण्याची वाट पाहू नका. आजच लघवीची तपासणी करा आणि ती डबी डॉक्टरांना दाखवा.

मग वांगाचं करायचं काय? पहिलं औषध ऊन टाळणं, आणि ते जमलं नाही तर बाकी सगळे पैसे पाण्यात. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०चं घ्या, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. त्वचेच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मिळालं तर उत्तम, कारण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही निर्धोक नसतं. आता खुरपणीला जाणाऱ्या बाईला मी दर तीन तासांनी सनस्क्रीन लावायला सांगणं हा शुद्ध शहरीपणा होईल. तिने रुंद काठाची टोपी घालावी आणि घट्ट विणीचा सुती रुमाल तोंडाला बांधावा, तेही चांगलं काम करतं.

लावायची औषधं बरीच आहेत. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड, कोजिक अ‍ॅसिड, मोजून दिलेलं हायड्रोक्विनोन. हायड्रोक्विनोन मनाने लांबवलं तर त्वचा निळसर-काळी पडते आणि तो डाग मग हटता हटत नाही. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी अनेकींना गुण येतो, पण मुळात ते रक्तस्राव थांबवायचं औषध आहे. रक्ताच्या गाठी झाल्याचा इतिहास असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते जिवावर बेतू शकतं. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर या गोळ्या आणू नका. लेझर आणि पील हे शेवटी, आणि जाणत्या हातांनीच. सावळ्या त्वचेवर घाई झाली की जास्तच काळं पडतं. फरक दिसायला महिने लागतात, आणि उन्हाकडे दुर्लक्ष झालं की वांग परततो. हे पहिल्या भेटीत न सांगणाऱ्या डॉक्टरपासूनही जपा.

गरोदर बाईने यातलं काहीही मनाने लावू नये. सनस्क्रीन आणि पदर पुरे. बाळंतपणानंतर काही महिन्यांत वांग अनेकदा आपसूक फिका होतो. जायफळ उगाळून लावणाऱ्या आजीशी माझं भांडण नाही, झोंबलं की धुऊन टाका म्हणजे झालं. लिंबू आणि टूथपेस्ट मात्र नको, त्यांनी साल निघते आणि खाली नवा डाग पडतो. आणि प्रत्येक काळेपणा वांग नसतो. मान काळी आणि जाड मखमलीसारखी झाली असेल तर साखर तपासा. हेअर डाय लावू लागल्यापासून कपाळ आणि कानांभोवती काळवंडलं असेल तर डाय थांबवा.

मेडिकलवाल्या दादांनो, गिऱ्हाईक नाव घेऊन ट्यूब मागेल तेव्हा चिठ्ठी मागा. ते शेजारच्या दुकानात जाईल हे मला कळतं, तरीही मागा. पार्लरवाल्या ताईंनो, बिनलेबलची डबी विकू नका. तुमच्या खुर्चीवर बसणारी बाई तुमच्या शब्दावर तोंड पुढे करते. आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनो, तिच्या गालावरच्या डागाबद्दल तिच्या आईला बाजूला घेऊन विचारणं बंद करा. निम्म्या ट्यूबा त्या प्रश्नामुळे विकल्या जातात.

स्टेरॉइडची ट्यूब दोन-चार आठवडेच लावली असेल तर बंद करा. महिनोन्‌महिने लावत असाल तर याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण सोडताना चेहरा भडकतो आणि तेवढ्या काळात सांभाळायला कुणी तरी हवं. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात केसपेपर काढा. जाताना ट्यूब, डबी, गोळ्यांची पाकिटं, सगळं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी. किती दिवस लावली ते खरं सांगा, आम्ही रागावणार नाही. औषधाचा त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. ही दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा आहे आणि तिथे रुग्णालाही थेट तक्रार नोंदवता येते.