राजा नव्हता, पण कॅसल होते!

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला आठवतं काय? बर्फ, चॉकलेट आणि यश चोप्रांच्या सिनेमातली गाणी. पण मित्रांनो, त्या हिरव्यागार देशात सरदारी थाटाचे कॅसलही भरपूर आहेत. ज्यांना स्वतःचा राजाच नव्हता, त्यांच्याकडे ते आले कुठून?

सोलोथुर्न शहराबाहेरचं वाल्डेग घ्या. योहान व्हिक्टर फॉन बेझेनव्हाल या शहरातल्या बड्या प्रस्थाने ते १६८२ ते १६८६ मध्ये उन्हाळ्यात राहायला बांधलं. मधे मुख्य इमारत, दोन्ही अंगांना लांबलचक बसक्या गॅलऱ्या, वर मनोरे. सगळा जोर समोरच्या रुंदीवर, खोली मात्र बेताची. लांबून बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत, बस्स!

आता पैशाचं बघू. घराण्याचा मिठाचा व्यापार होता. पण खरी कमाई होती सैनिक पुरवण्याची. फ्रान्सच्या राजाला स्विस शिपाई हवे असत. त्याचा राजदूत १५३० ते १७९२ पर्यंत सोलोथुर्नमध्येच राहत असे. पलटण म्हणजे कॅप्टनची चक्क खाजगी प्रॉपर्टी! खेड्यातली पोरं भरती करायची, राजाकडून माणशी पैसे घ्यायचे, पगार-कपडे भागवून उरेल तो नफा. त्या नफ्यातून असे मनोरे उभे राहिले.

आणि त्या पोरांचं काय झालं? १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यात शेकडो स्विस गार्ड मारले गेले. ल्युसर्नला १८२१ मध्ये त्यांचं सिंहाचं स्मारक झालं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या शिपायांचा मात्र फक्त आकडा!

मग हे कॅसल पाडायचे का? मुळीच नाही. वाल्डेग आज म्युझियम आहे, कोणीही आत जाऊ शकतं. हे छानच झालं. हिंडेलबांकच्या कॅसलच्या जागी तर १८९६ पासून बायकांचा तुरुंग आहे. पण माझं म्हणणं एवढंच, की जतन करायचं म्हणजे नुसतं प्लास्टर आणि रंग नव्हे. ज्यांच्या जिवावर ही इमारत उभी राहिली, त्यांची गोष्टही तिथे तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे.

फर्स्ट इयरला ग्राफिक्स आपण सगळ्यांनीच रडतखडत काढलंय. नुसत्या फ्रंट व्ह्यूवरून वस्तू कळत नाही, म्हणूनच सर सेक्शन काढायला लावतात. उद्या कुठला कॅसल बघायला गेलात तर फोटो जरूर काढा, पण सेक्शनही मागा!